पत्रिकेवरचं ठिगळ

घाटंजीत फाल्गुन लागला की दुपारच्या हवेत कापूस तरंगू लागायचा. जिनाच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, पत्र्यांखालून निसटलेले तंतू बाजाराकडे यायचे, कडुनिंबात अडकायचे, लोकांच्या मिशांवर बसायचे. मी पोस्टासमोरच्या त्या कडुनिंबाखाली पोतं अंथरून बसलेला असायचो. समोर दौत, टाक, कागदांची चळत. तरंगणाऱ्या धाग्यांकडे बघता बघता आपण जागे आहोत की झोपेत, हेही मला पुष्कळदा कळायचं नाही. कोणी विचारलं, काय करून राह्यला, तर मी गंभीरपणे सांगायचो, लेहून राह्यलो. कागद कोरा असला तरी मला त्यात काही खोटं वाटायचं नाही.

आज या धंद्याला मुक्त लेखन म्हणतात. तेव्हा आमच्याकडे त्याला एकच शब्द होता, रिकामा. मी वस्तीतला पहिला मॅट्रिक. छप्पन साली आमच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी पास झालो, आणि आता हा मास्तर होणार असं सगळ्यांनी धरून टाकलं. बाबांनी तर कोणाकोणाला भेटून बाभुळगावकडच्या एका शाळेत माझ्यासाठी जागाही बघून ठेवली होती. मला मात्र लेखक व्हायचं होतं. लेखक म्हणजे काय करतो हे मी कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे ते स्वप्न फारच सुंदर होतं.

मी गोष्टी लिहून नागपूरच्या एका साप्ताहिकाला पाठवायचो. त्या परत यायच्या. पोस्टमन लांबूनच हाक मारायचा, "लेखक, तुही गोष्ट घरी आली पाय." मी पाकीट घ्यायचो, ते न उघडता मांडीखाली ठेवायचो आणि पुन्हा वर कापसाकडे बघत बसायचो. मधल्या वेळात लोकांची पत्रं, अर्ज, निरोप लिहून द्यायचो. कोणी ज्वारी द्यायचं, कोणी चारोळी. ही कामं मी जरा नाक वर करूनच करायचो, कारण माझं खरं काम वेगळं आहे असं मी मानत होतो.

दर बाजाराला तांड्यावरची एक म्हातारी यायची. सगळे तिला याडी म्हणायचे. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. तिचा मुलगा उमरखेडकडे सडकेच्या कामावर होता, त्याला ती पत्र पाठवायची. पहिल्या वेळी ती बोलत गेली आणि मी लिहीत गेलो. मग तिनं वाचून दाखवायला सांगितलं. मी गळा साफ करून वाचलं, की प्राणप्रिय पुत्रा, तुझ्या विरहानं या अभागी मातेचे नेत्र रात्रंदिवस झरत आहेत.

याडीनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बकरी कुठी हाय?"

"कोनती बकरी?"

"मी सांगतली ना. बकरी व्याली, दोन पिल्लं झाले, एक काळं हाय. ते कुठी लेहलं?"

ते मी गाळलं होतं. पत्राच्या उंचीला बकरी शोभत नव्हती.

"अन् हे रडनं कोनाचं हाय?" ती म्हणाली. "मी तं रडली नाई. मी जे सांगतलं तेच लेह बेटा. मंग तो मले ओळखीन."

मी कागद फाडला आणि नवं पत्र लिहिलं, बकरीसकट. मनात म्हटलं, हिला वाङ्मयाचं काय कळतं. त्या वयात मी असं पुष्कळांबद्दल मनात म्हणायचो.

त्या वर्षी वैशाखात ताईचं लग्न ठरलं. ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, चौथीपर्यंत शिकलेली, आणि मला ओळखणारी जगातली एकटी. मुलगा उमरखेडचा होता. आमच्या वस्तीतलं नव्या पद्धतीचं हे पहिलं लग्न. पांढरी साडी, वंदना, सगळं कसं करायचं यावर महिनाभर बैठका झाल्या. जुनं काय सोडायचं हे लोकांना पटकन सांगता यायचं. त्या जागी नवं काय धरायचं, तिथं सगळे एकमेकांकडे बघायचे. बाबा मात्र कधी अडले नाहीत. दीक्षा घेऊन आल्यावर घरातले देव फडक्यात बांधून वाघाडी नदीच्या डोहात सोडणारे वस्तीतले पहिले तेच होते. त्या दिवशी माय दारात उभी राहून बघत होती.

बाबा जिनात रेच्यावर कामाला होते. कापसातून सरकी काढणाऱ्या त्या यंत्रांपुढं त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. चाळिशी उलटल्यावर ते साक्षरतेच्या वर्गाला जाऊन वाचायला शिकले. ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत, एकेक अक्षर ओलांडत वाचायचे. छापलेल्या अक्षरावर त्यांचा फार विश्वास होता. लग्न ठरलं त्या संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवलं.

"तुले लेखक व्हाचं हाय. मी नाई म्हनत नाई," ते म्हणाले. "पोरीच्या लग्नापर्यंत तुह्यं नाव छापून दाखव मले. नाई दाखवता आलं तं जेठात मास्तरकीवर जा. मंग बोलाचं नाई."

मी कबूल झालो. नागपूरला तेव्हा माझ्या दोन गोष्टी गेलेल्या होत्या आणि त्यांतली एक तरी लागेल याची मला खात्री होती. लग्नाला तीन आठवडे उरले तेव्हा दोन्ही एकाच दिवशी परत आल्या. पोस्टमन त्या दिवशी काही बोलला नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

मग बाबांनी लग्नपत्रिकेचा मजकूर माझ्यावर सोपवला. "नवी लेह," एवढंच म्हणाले. "जुन्यातलं काईच नोको."

पत्रिका हा माझा जुना नाद होता. आमच्या घरात छापील असं काही नसायचं. लहानपणी वाचायला काही मिळावं म्हणून मी लोकांनी टाकलेल्या लग्नपत्रिका जमवायचो. एका डब्यात त्यांचा गठ्ठा होता. दुपारी एकटा असलो की मी त्या मोठ्यानं वाचायचो, अनोळखी नवरे, अनोळखी नवऱ्या, कुठल्या कुठल्या गावांचे मुहूर्त. सगळ्यांची सुरुवात एकच, की आमचे येथे श्रीकृपेकरून. या शब्दांचा अर्थ मी कधी विचारला नव्हता. माझ्या दृष्टीनं ती लग्नाला घरात शिरायची पायरी होती.

तीन दुपारी मी कडुनिंबाखाली तो मजकूर घडवला. वर मोठ्या अक्षरांत नमो बुद्धाय. मग आमंत्रण. शेवटी नव्या पहाटेबद्दल चार ओळी, त्या लिहिताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. कापूस तरंगत होता, टाक आपोआप चालत होता, आणि आपण लिहीत नसून कोणीतरी आपल्याकडून लिहवून घेत आहे असं मला वाटत होतं. ते अगदी बरोबर होतं, हे नंतर कळलं. सगळं झाल्यावर मला एक युक्ती सुचली. मी पत्रिकेच्या तळाशी एक ओळ वाढवली, शब्दरचना, आणि पुढं माझं पूर्ण नाव. बाबांना नाव छापलेलं हवं होतं ना. लग्नाआधी हवं होतं. नागपूरची मला आता गरजच नव्हती.

मोटारीनं यवतमाळला जाऊन मी मजकूर छापखान्यात दिला. खिळे जुळवणारे म्हातारे गृहस्थ शेवटच्या ओळीवर थांबले आणि चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघू लागले.

"मुलाचं नाव वर आलं, मुलीचं आलं. हे कोणाचं?"

"लेखकाचं."

"पत्रिकेला लेखक असतो?"

"या पत्रिकेला आहे," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि कामाला लागले. दुपारी त्यांनी तपासायला एक ओला ठसा माझ्यासमोर ठेवला. मी तो उचलला आणि थेट तळाशी गेलो. माझं नाव. काळं, चकचकीत, शाईचा वास येणारं. मी ते किती वेळ बघत बसलो कोण जाणे. वरचं काही मी वाचलं नाही. माझंच तर होतं, वाचायचं काय? बरोबर आहे, छापा, असं म्हणून मी बाहेर आलो आणि पत्रिका तयार होईपर्यंत यवतमाळच्या रस्त्यांवर भटकलो. ती दुपार मला अजून स्वप्नासारखी आठवते. झाडं, टांगे, उन्हात झोपलेली कुत्री, सगळ्यांना माझं नाव ठाऊक आहे असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात गठ्ठा सोडला. दोनशे पत्रिका, पिवळसर पातळ कागदाच्या. माय आणि ताई जवळ सरकल्या. बाबा जेवणाच्या सुट्टीत आले होते. त्यांनी हात धुतले, धोतराला कोरडे केले आणि वरची पत्रिका उचलली. मला वाटलं, आता ते तळाशी पोचतील. त्यांनी बोट पहिल्या ओळीवर ठेवलं. नमो बुद्धाय वाचलं, समाधानानं मान हलवली, आणि बोट खालच्या ओळीवर आणलं.

"आ-म-चे ये-थे," त्यांनी वाचलं. "श्री."

बोट तिथंच राहिलं. पुढचं त्यांनी वाचलं नाही. मीच वरून वाचलं, श्रीकृपेकरून.

ती ओळ मी कधी लिहिली हे मला आठवतच नव्हतं. डब्यातल्या त्या सगळ्या पत्रिकांनी ती माझ्या हातून लिहून घेतली होती.

बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पत्रिका गठ्ठ्यावर परत ठेवली. "मी देव डोहात सोडले," ते म्हणाले. "तुह्या हातून नाई सुटले." मग टोपी घालून जिनात गेले. तळापर्यंत ते पोचलेच नाहीत.

मला त्या वेळी मरून जावंसं वाटलं. हे मी उगाच लिहीत नाही, खरंच तसं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं एक नातलग उमरखेडला पत्रिका घेऊन जाणार होता. पुन्हा छापून आणायला वेळ नव्हता, पैसेही नव्हते. ओळीवर काट मारली असती तर शुभपत्रावर काळी रेघ आली असती, आणि आजूबाजूचे लोक टपलेलेच होते. धर्म बदलला पण श्री नाही सुटला, असं कोणीही हसलं असतं. हसू बाबांचं झालं असतं, माझं नाही.

मायला वाचता येत नव्हतं. तिनं मला चूक कोणती हे विचारलं नाही, चूक कुठं आहे तेवढं विचारलं. मी ओळ दाखवली. तिनं पत्रिका हातात घेऊन उलटसुलट केली, कागदाचा पोत बोटांनी बघितला. ती लोकांच्या गोधड्या शिवायची. फाटलं की ठिगळ, यापुढं तिचा विचार जात नसे आणि कधी अडतही नसे.

"याचाच कागद पाह्यजे, दुसरा दिसते," ती म्हणाली. तिचं बोट खाली गेलं. "ही खालची पट्टी काप. उलटी करून वरतं चिकटव. कोऱ्या बाजूवर लेह काय लेहाचं ते."

तिच्या बोटाखाली माझं नाव होतं.

"इथं काय लेहलं हाय?" तिनं विचारलं. "कामाचं हाय का?"

ताई माझ्याकडे बघत होती. तिनं ती ओळ केव्हाच वाचली होती, आणि बाबांची अट तिलाही माहीत होती. बाहेर कुठंतरी होला घुमत होता आणि मला तो फार लांबून ऐकू येत होता.

"नाई," मी म्हणालो. "कामाचं नाई."

मायनं कात्री मला दिली. मी कापायला लागलो. पहिल्या पाच-दहा पट्ट्या मी नाव वाचून वाचून कापल्या, पुढं पुढं हात नुसता चालू लागला. मायनं पिठाची खळ शिजवली. नाव खाली, कोरी बाजू वर, अशी एकेक पट्टी ताई चिकटवून उन्हात ठेवत गेली. आता त्या कोऱ्या पट्टीवर काय लिहायचं?

मी म्हटलं, "मानवतेच्या मंगल प्रकाशात, कसं वाटते?"

"लगन कंदिलात हाय का माह्यं?" ताई म्हणाली.

मी आणखी दोन ओळी सांगितल्या. दोन्हींना ती हसली. मग खळीचे हात पुसत म्हणाली, "खरं काय हाय ते लेह ना. कोनाच्या कृपेनं होऊन राह्यलं हे लगन? माय बोटाले सुई टोचून घेते, बाबा त्या रेच्यापाशी उभे राह्यतात. तुले दिसत नाई का?"

मला दिसत होतं. मायची बोटं आत्ता समोर होती. बाबांच्या हातांच्या भेगांत कापूस बसलेला असायचा, कितीही धुतले तरी निघायचा नाही. मला एकदम याडीची बकरी आठवली. मी टाक बुडवला आणि पहिल्या पट्टीवर लिहिलं, आमच्या येथे घरच्या हातांच्या कष्टाने. पुढं छापलेली ओळ आपोआप लागली, आमची ज्येष्ठ कन्या.

ती ओळ मी दोनशे वेळा लिहिली. शंभराच्या पुढं कधीतरी अक्षरं मला ओळखेनाशी झाली, नुसतं हात, हात, हात असं दिसू लागलं. ऊन उतरत होतं, उंबऱ्यापर्यंत पत्रिका वाळत पडल्या होत्या, त्यांच्यावर कापसाचे धागे येऊन बसत होते आणि ताई ते फुंकून उडवत होती. इतक्या लक्षपूर्वक मी त्याआधी काही लिहिलं नव्हतं.

संध्याकाळी बाबा आले. मी एक पत्रिका त्यांच्यासमोर धरली. त्यांनी बोट ठेवलं. हा-तां-च्या इथं आल्यावर बोट थांबलं, मागं गेलं, पुन्हा पुढं आलं. ते बराच वेळ त्या ओळीकडे आणि त्या ओळीवरच्या आपल्या बोटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चालते. पाठवा."

लग्न झालं. पांढऱ्या साडीत ताई मला कोणी दुसरीच वाटली. पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्यानं बाबांना बाजूला घेऊन पत्रिकेबद्दल काही विचारलं, बाबांनी काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. ताई उमरखेडला गेली आणि घर एकदम मोठं झालं. जेठ लागला. मी ट्रंकेत कपडे भरले. दौत आणि कागद मायकडे दिले, म्हटलं, कागद चूल पेटवायला होतील. नाव छापून आलं नव्हतं. बोलायचं नाही असं ठरलेलं होतं, म्हणून बोललो नाही.

बाभुळगावकडे निघायचं त्या सकाळी बाबा अंगणात उन्हाकडे तोंड करून उभे होते. त्यांच्या हातात उरलेली एक पत्रिका होती. त्यांनी ती उन्हासमोर धरली होती.

"इकडं ये," ते म्हणाले.

कागद पातळ होता. माझ्या हातच्या ओळीमागं उलटी, काळी अक्षरं दिसत होती. बाबांनी पत्रिका रांजणाच्या काठावर ठेवली, बोटांनी पट्टीवर पाणी लावलं, आणि खळ सुटेपर्यंत थांबले. मग नखानं एक टोक उचलून पट्टी अलगद सोडवली, उलटी करून तळहातावर घेतली. शाई थोडी पसरली होती, पण वाचता येत होतं. त्यांनी बोट ठेवलं आणि ओठ हलवत वाचायला सुरुवात केली. शब्दरचना हा शब्द त्यांना जड गेला. पुढचं माझं नाव त्यांनी न अडखळता वाचलं. त्यात त्यांचंही नाव होतं.

"हे कापलं तू?" त्यांनी विचारलं.

"माय म्हने, कामाचं हाय का. मी नाई म्हनलो."

बाबांनी पट्टीवर हळूच फुंकर घातली. पट्टी त्यांच्या तळहातावर वाळत होती.

"मी म्हनलो होतो, नाव छापून दाखव," ते शेवटी म्हणाले. "कोठी छापून, हे नाई म्हनलो. छापलेलं हाय." मग जिनाचा भोंगा झाला म्हणून ते घाईनं टोपी घालू लागले. "मास्तरकी दुसऱ्या कोनाले सांगू. तू लेह. पन वाचून पाह्यत जा."

मी ट्रंक उघडली. माझे कपडे काढून ठेवताना मला रडू आलं, आणि ते लपवायची मला गरज वाटली नाही. मायनं दौत चुलीपासून लांब ठेवलेली होती. कागदांचा गठ्ठा तिनं फडक्यात बांधून ठेवला होता.

पुढं पाच-सहा वर्षांत माझ्या गोष्टी छापून आल्या, नागपूरला आल्या, इतरत्र आल्या. नाव पाहण्याची सवय झाली. कडुनिंबाखालची जागा मात्र मी सोडली नाही. याडी येत राहिली, बकऱ्या वाढत राहिल्या. आणि एका बाजारी एक अनोळखी माणूस पोतं बघून माझ्यासमोर बसला. तो पुसदच्या पलीकडून आला होता, मुलीचं लग्न होतं. त्यानं खिशातून घडी घातलेली एक पत्रिका काढली. कोणाची होती कोण जाणे, नाव मला एकही ओळखीचं नव्हतं. नमो बुद्धायच्या खाली, छापील अक्षरांत, आमच्या येथे घरच्या हातांच्या कष्टाने.

मी विचारलं, "हे कोनं लेहलं?"

"कोनं म्हंजे?" तो म्हणाला. "आपल्यात असंच लेहतात."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. वरून कापूस येत होता. एक धागा त्याच्या पागोट्यावर बसला, तो त्याला कळला नाही. आत कुठंतरी मला एवढा आनंद होत होता की तो सांगायला मी तोंड उघडलं, आणि मग राहू दिलं.

"मुलीचं नाव सांगा," मी म्हणालो, आणि टाक बुडवून ती ओळ पुन्हा एकदा लिहून दिली. लिहून झाल्यावर वरपासून खालपर्यंत वाचून पाहिलं. तळाशी जागा कोरीच ठेवली.